एका छोट्या राज्याचा कौल : वेस्ट व्हर्जिनिया, १९६०

अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक येते आणि त्या वर्षाच्या आरंभापासूनच वर्तमानपत्रांत ‘प्रायमरी’ हा शब्द दिसू लागतो. अमुक राज्यात अमक्याने बाजी मारली, तमक्याने माघार घेतली, अशा बातम्या आपण वाचतो. खरे मतदान तर नोव्हेंबरात. मग त्याआधीचे हे मतदान कसले, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर एका जुन्या निकालाच्या आधारे द्यावे, असे आम्ही योजिले आहे. हा निकाल १० मे १९६० रोजी लागला आणि कॅथलिकांच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे.

आपल्याकडे पक्षाचे तिकीट कोणाला द्यावयाचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुकांनी त्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या करावयाच्या असतात. अमेरिकेत हा निर्णय पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात निरनिराळ्या राज्यांतून आलेले प्रतिनिधी घेतात. आपल्या राज्यातील मतदारांना कोणता इच्छुक हवा आहे, हे त्या प्रतिनिधींना व पक्षाला कळावे म्हणून राज्याराज्यांत जे मतदान होते, ती प्राथमिक निवडणूक. काही राज्यांत त्या पक्षाचे म्हणून नाव नोंदविलेल्यांनाच मत देता येते, तर काही राज्यांत कोणालाही. आज बहुतेक प्रतिनिधी या मतदानाने बांधले जातात. १९६० साली मात्र तसे नव्हते. अशी निवडणूक जेमतेम सोळा राज्यांत होत असे आणि उमेदवारी खऱ्या अर्थाने ठरे ती पक्षाच्या मातब्बर पुढाऱ्यांच्या बैठकांत.

त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन केनेडी उभे होते. वय ४२, महायुद्धात नौदलात गाजलेले, पित्याची अफाट संपत्ती पाठीशी. आणि धर्माने कॅथलिक. ही शेवटची बाब आडवी येत होती. १९२८ साली न्यूयॉर्कचे लोकप्रिय गव्हर्नर अल स्मिथ हे एका प्रमुख पक्षाचे पहिले कॅथलिक उमेदवार झाले होते. कॅथलिक राष्ट्राध्यक्ष म्हणजे पोप महोदयांचा हस्तक, असा प्रचार त्यांच्याविरुद्ध झाला आणि ते ४४४ विरुद्ध ८७ अशा निर्वाचक मतांनी हरले. स्वतःचे राज्यही त्यांना राखता आले नाही. तो पराभव धर्मामुळेच झाला असे म्हणणे पूर्णपणे खरे नाही. देशात तेव्हा सुबत्ता होती आणि सत्ताधारी पक्षाला हरविणे कोणालाही कठीण गेले असते. पण पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यातून एकच धडा घेतला होता : कॅथलिक उमेदवार नको. आश्चर्य असे की, ही भीती कॅथलिक पुढाऱ्यांच्याच मनात अधिक खोल रुतली होती. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स स्वतः कॅथलिक. परंतु केनेडींना पाठिंबा देण्यास ते बराच काळ कचरत राहिले.

या पुढाऱ्यांची खात्री पटवायची तर मते मिळवून दाखविणे हाच मार्ग होता. ५ एप्रिल रोजी विस्कॉन्सिन राज्यात केनेडींनी मिनेसोटाचे सिनेटर ह्यूबर्ट हंफ्री यांना ४,७६,०२४ विरुद्ध ३,६६,७५३ मतांनी हरविले. विजय स्पष्ट होता. पण त्याचा अर्थ काही वेगळाच लावला गेला. राज्यातील दहा काँग्रेस मतदारसंघांपैकी सहा केनेडींकडे व चार हंफ्रींकडे गेले. विस्कॉन्सिनात कॅथलिकांची संख्या मोठी, आणि तेथे रिपब्लिकन मतदारालाही डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागता येत असे. त्यामुळे कॅथलिकांनी आपल्या माणसाला एकगठ्ठा मते दिली, असे भाष्यकार म्हणू लागले. आपल्या गावातील निवडणुकीचे निकालही लोक असेच जातवार, वाडीवार मोजतात, हे वाचक जाणतातच. अशा मोजणीत मतदाराच्या मनात आणखीही काही विचार असू शकेल, याला जागाच उरत नाही.

म्हणून सर्वांचे लक्ष वेस्ट व्हर्जिनियाकडे लागले. डोंगराळ, कोळशाच्या खाणींचे हे राज्य. खाणींत यंत्रे आल्याने हजारो कामगार बेकार झालेले, कित्येक कुटुंबे सरकारी शिधावाटपावर जगणारी. लोकसंख्येत सुमारे ९५ टक्के प्रॉटेस्टंट. येथे मत देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदारांना होता, म्हणजे बाहेरून मते येण्याचा प्रश्नच नव्हता. आरंभीच्या पाहणीत केनेडी बरेच पुढे होते. ते कॅथलिक आहेत हे लोकांना कळले तसा पाहणीचा कल उलटला.

धर्माचा विषय टाळावा, असा सल्ला केनेडींना अनेकांनी दिला. त्यांनी तो मानला नाही. आपण नौदलात भरती झालो तेव्हा आपला धर्म कोणी विचारला नाही, आणि आपला थोरला भाऊ युद्धात विमानासह कोसळला तेव्हाही कोणी विचारला नाही, असे ते सभांतून सांगू लागले. मतदानाच्या दोन दिवस आधी, रविवारी, दूरचित्रवाणीवर बोलताना त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचा मुद्दा मांडला. बायबलवर हात ठेवून घेतलेली शपथ जो मोडील तो राज्यघटनेचा गुन्हेगार तर होतोच, पण देवाविरुद्ध पापही करतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बायबलवर अपार श्रद्धा असणाऱ्या त्या प्रॉटेस्टंट श्रोत्यांना ही भाषा थेट भिडली.

येथे सत्याला स्मरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हंफ्री हे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या धर्माचे भांडवल केले नाही, आणि प्रचाराला त्यांच्याजवळ पैसा नव्हता. आपण एखाद्या दुकानमालिकेशी स्पर्धा करणाऱ्या लहान दुकानदारासारखे आहोत, अशी खंत त्यांनी बोलून दाखविली होती. केनेडींच्या बाजूने माजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे पुत्र फ्रँकलिन रूझवेल्ट धाकटे प्रचाराला आले. खाणकामगारांच्या घरांत त्यांच्या पित्याच्या नावाला मोठा मान होता. मात्र हंफ्री युद्धात लढले नाहीत, असे सुचवून त्यांनी केलेली टीका अन्यायाची होती. शिवाय त्याच दिवशी स्थानिक पदांसाठीही मतदान होते आणि काउंट्यांमधील गट आपापल्या उमेदवारांच्या छापील याद्या मतदारांच्या हाती देत. आपल्याकडील सहकारी संस्थांच्या निवडणुकांतील पॅनेल आठवावे. त्या यादीत आपले नाव यावे म्हणून गटांच्या ‘खर्चाला’ हातभार लावण्याची रीत होती, आणि केनेडींचा हात सढळ होता. यावरून पुढे पुष्कळ आरोप झाले. हा केवळ सहिष्णुतेचा विजय होता, असे म्हणणे आम्हांला भाबडेपणाचे वाटते. आणि केवळ पैशाचा होता असे म्हणणे त्या राज्यातील मतदारांचा अपमान.

निकाल असा लागला : केनेडी २,३६,५१०, हंफ्री १,५२,१८७. जवळजवळ ६१ टक्के मते. केनेडी स्वतः पराभवाच्या अपेक्षेने त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये चित्रपट पाहावयास गेले होते. वार्ता कळताच ते विमानाने वेस्ट व्हर्जिनियाला परतले. हंफ्री यांनी त्याच रात्री माघार जाहीर केली.

या विजयाने केनेडींच्या पदरात प्रतिनिधी किती पडले? नियमाने पाहता एकही नाही. तेथील कौल प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हता. जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात राज्याच्या २५ मतांपैकी केनेडींना १५च मिळाली. परंतु ज्या पुढाऱ्यांच्या हाती मोठ्या राज्यांची मते होती त्यांना जे पाहावयाचे होते ते त्यांनी पाहिले होते. लॉरेन्स यांचाही संकोच अखेर सुटला आणि केनेडी पहिल्याच फेरीत उमेदवार ठरले. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९२८ साली अल स्मिथ यांनीही याच राज्यातील प्राथमिक निवडणूक जिंकली होती आणि नोव्हेंबरात ते तेथे हरले होते. पक्षातील मतदार आणि राज्यातील सर्व मतदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केनेडींनी नोव्हेंबरात वेस्ट व्हर्जिनिया सुमारे ५३ टक्के मतांनी जिंकले; देशभरात मात्र ६ कोटी ८८ लाख मतांमध्ये त्यांची आघाडी सव्वा लाखाचीही नव्हती.

हंफ्री यांची कथा येथे संपत नाही. १९६८ साली एकही प्राथमिक निवडणूक न लढविता पुढाऱ्यांच्या बळावर त्यांना पक्षाची उमेदवारी मिळाली. त्यावरून एवढा असंतोष माजला की पक्षाने नियमच बदलले, आणि आज ज्या प्रायमरीच्या बातम्या आपण वाचतो तिचे वजन तेव्हापासून वाढले.

आमच्या दृष्टीने अधिक कठीण प्रश्न शपथेचा आहे. १९५९ साली ‘लुक’ या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत केनेडी म्हणाले होते की, पदावरील माणसाला राज्यघटनेच्या शपथेहून श्रेष्ठ असे काही असू शकत नाही. यावर जेझुइटांच्या ‘अमेरिका’ साप्ताहिकासह काही कॅथलिक नियतकालिकांनीच त्यांना धारेवर धरले. सदसद्विवेकबुद्धी पदाबरोबर बाहेर ठेवून येण्याची वस्तू आहे काय, असा त्या टीकेचा रोख होता. ती टीका आम्हांला रास्त वाटते. केनेडींनाही ती जाणवली असावी. सप्टेंबर १९६० मध्ये ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर बोलताना त्यांनी सांगितले की, पद आणि विवेक यांत संघर्ष झालाच तर आपण राजीनामा देऊ.

त्यानंतर दुसरा कॅथलिक राष्ट्राध्यक्ष निवडून येण्यास २०२० साल उजाडावे लागले. जो बायडेन यांना कोणी पोप महोदयांचा हस्तक म्हटले नाही. उलट गर्भपाताच्या प्रश्नावर ते ख्रिस्तसभेची शिकवण मानीत नाहीत म्हणून त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यावा की नाही, हा वाद झाला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी ख्रिस्तप्रसादाविषयी दस्तऐवज तयार करण्याचा ठराव १६८ विरुद्ध ५५ मतांनी संमत केला. नोव्हेंबरात तो दस्तऐवज मंजूर झाला. त्यात एकाही राजकारण्याचे नाव नव्हते.