पटाचा अंदाज आणि लहान संगणक

नाटे (ता. राजापूर) येथील तांडेल होडी लोटण्यापूर्वी आभाळ पाहतो, वारा पाहतो. मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, याची सूचना आता हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राकडूनही किनाऱ्यावर येते. तथापि होडी न्यावी की नाही, हे तांडेलच ठरवितो. शाळेतील लहान संगणकाचे स्थानही असेच आहे.

आपल्याकडे संगणकाचा उपयोग बहुधा माहिती भरून वर पाठविण्यापुरताच होतो. तीच माहिती शाळेच्या स्वतःच्या निर्णयासही उपयोगी पडते. 1979 साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ‘ॲपल टू’ या लहान संगणकासाठी ‘व्हिसिकॅल्क’ ही आज्ञावली आणली. तिच्या तक्त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलत. ‘असे झाले तर काय?’ हा प्रश्न त्यामुळे घरबसल्या विचारता येऊ लागला. आजच्या एक्सेलमध्येही हीच सोय आहे.

एक उदाहरण घेऊ. पहिली ते पाचवीच्या एखाद्या शाळेचा पट 64 आहे असे समजा. पाचवीची 15 मुले पुढे जातील व 49 उरतील. अंगणवाडीत सहा वर्षे पूर्ण करणारी 15 मुले आहेत. गेल्या पाच वर्षांत अशा 75 मुलांपैकी 60 मुले, म्हणजे शेकडा 80, आपल्या शाळेत आली. या प्रमाणाने 12 मुले येतील व पट 61 होईल. परंतु सरासरीवर थांबू नये. सर्वांत वाईट वर्षी 15 पैकी 10 व सर्वांत चांगल्या वर्षी 14 मुले आली असतील, तर तेही आकडे तक्त्यात घालून पाहावेत. पट 59 ते 63 यांच्या दरम्यान राहील, असे दिसेल.

शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक व 61 ते 90 मुलांस तीन शिक्षक असतात. म्हणजे एका मुलाच्या फरकाने एक शिक्षक कमी होऊ शकतो, आणि पाच इयत्ता दोघांनाच सांभाळाव्या लागतात! संगणकाने धोका दाखविला. पुढचे काम शिक्षकाचे. कोणते कुटुंब मुंबईस जाणार, कोणाची मुलगी धाकट्या भावंडासाठी घरी राहणार, हे यंत्रास कळत नाही. त्यासाठी घरोघर जावे लागते. जून-जुलैत मासेमारी बंद असता पालक घरी भेटतात, ती वेळ दवडू नये.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अंदाज तारखेसह लिहून ठेवावा व प्रवेशानंतर प्रत्यक्ष पटाशी ताडून पाहावा. चुकला असल्यास कारण नोंदवावे. पुढील वर्षाचा अंदाज त्यानेच सुधारतो. दुसरे, पद टिकविण्यासाठी पटावर नसलेले मूल दाखवू नये. यंत्र बेरीज चुकत नाही. परंतु खोट्या पटाची बेरीजही ते तितक्याच बिनचूकपणे करते.