जुनी येझदी घेताना: थंड इंजिन काय सांगते

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून बाहेर पडू लागलेल्या टू-स्ट्रोक मोटारसायकली आजही पुणे, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात विकल्या-घेतल्या जातात. आधी त्या चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याखाली ‘जावा’ या नावाने बनत होत्या. सत्तरच्या दशकात नाव बदलून ‘येझदी’ झाले, 1978 मध्ये रोडकिंग आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे बाजारातली सर्वांत तरुण मूळ येझदीसुद्धा तीस वर्षांच्या आसपासची आहे. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या इंजिनाचा एकही भाग जुन्या गाडीला बसत नाही. जुन्या गाडीमागे आज कोणतीच कंपनी उभी नाही. तिचा भरवसा ठरतो तो गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिच्यावर कोणी, कसे काम केले यावर.

त्यामुळे वय आणि किलोमीटर हे दोन्ही आकडे बाजूला ठेवलेले बरे. स्पीडोमीटर बंद पडलेला किंवा बदललेला असण्याची शक्यताच जास्त. खरा फरक असतो तो झिजलेल्या आणि हरवलेल्या भागांत. पिस्टन, रिंगा, ऑइल सील, बेअरिंग, क्लच प्लेट, केबल, ब्रेक लायनर हे सगळे झिजणारच, आणि ते आजही छोट्या कारखान्यांत बनतात. पण न तुटलेले इंजिन केसिंग, मूळ डायनॅमो, मूळ टाकी, हेडलाइटचे आवरण, जावाचा जिकोव्ह कार्बोरेटर, मूळ सायलेन्सर या वस्तू एकदा गेल्या की पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात नशीब आजमावावे लागते. म्हणून मळकट, फिकट रंगाची पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी ही नव्या रंगाने चमकणाऱ्या अर्धवट गाडीपेक्षा केव्हाही अधिक विश्वासाची. ताजा रंग हा इंजिनाचा पुरावा नव्हे. त्याखाली टाकीवर भरलेली लांबी (पुट्टी) आणि फ्रेमचा वेल्डिंगचा जोड दोन्ही झाकले जातात.

पाहणी सुरू व्हायला हवी ती थंड इंजिनापासून. गाडी पाहायला येणार असे कळले की विकणारा ती आधीच सुरू करून गरम ठेवतो. त्यात फसवणुकीचा हेतू असेलच असे नाही, पण गरम इंजिन अर्धे दोष लपवते. सिलिंडरला हात लावून तो गार आहे याची खात्री करावी. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावे. जावा-येझदीत गिअरचा लिव्हरच आत दाबून वर फिरवला की किक बनतो. तो लिव्हर शाफ्टवर घसरत असेल, किंवा किक मध्येच सुटत असेल, तर शाफ्टचे दाते किंवा आतली खाच झिजलेली असते. पेट्रोल बंद ठेवून चार-दोन किका मारल्या तर कॉम्प्रेशनचा अंदाज पायालाच येतो. पाय सहज खाली गेला तर रिंगा थकल्या आहेत, बोअर झिजला आहे किंवा गॅस्केट फुटले आहे.

थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटे फक्त ऐकण्यात घालवावी. पिस्टन बोअरमध्ये सैल झाला असेल तर थंडपणी टकटक ऐकू येते आणि इंजिन तापले, पिस्टन फुगला की ती कमी होते. हा दोष गंभीर नाही. 65 मिलिमीटरचा बोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो. मात्र आधी किती वेळा बोअर झाला आहे हे विचारायलाच हवे. शेवटच्या मापापर्यंत गेलेल्या सिलिंडरला पुढच्या वेळी नवा स्लीव्ह लागतो. थ्रॉटल वाढवल्यावर वरून येणारी हलकी, टणटणीत खडखड ही गजन पिनकडची असते. पण तापल्यावरही न जाणारा, खालून येणारा, जड आणि बोजड ठोका हा कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा. तिथे पूर्ण इंजिन उतरवून क्रँक खोलावा लागतो.

या गाडीचे खरे मर्म क्रँकमध्येच आहे. क्रँक एका तुकड्याचा नसतो. दोन फ्लायव्हील, मधली पिन, रॉड आणि बेअरिंग प्रेसवर दाबून एकत्र बसवलेली असतात. नवा रॉड घातल्यावर दोन्ही टोके एका रेषेत आणावी लागतात, सेंटरमध्ये धरून डायल गेजने तपासावी लागतात. हे काम नीट जमणारे कारागीर कमी आहेत. हातोडीच्या अंदाजाने सरळ केलेला क्रँक गाडीला असा काही थरकाप देतो की ठरावीक वेगाला हँडल आणि पायदाने मुंग्या आणतात, आणि नवी बेअरिंगही लवकर जातात. ‘इंजिन नुकतेच केले आहे’ हे वाक्य ऐकल्यावर विचारायचा प्रश्न एकच: क्रँक कोणी केला? त्या मेकॅनिकशी बोलता आले, जुने भाग किंवा बिल पाहायला मिळाले, तर त्या वाक्याला किंमत आहे.

सुदैवाने क्रँकची परीक्षा इंजिन न खोलताही करता येते. डायनॅमो उजव्या बाजूला, थेट क्रँकच्या टोकावर बसलेला असतो. तिथले झाकण काढले की आर्मेचर दिसते. ते हाताने धरून वर-खाली हलवून पाहावे. जाणवण्याइतका प्ले असेल तर मेन बेअरिंग गेले. आर्मेचर बाजूच्या पोलला घासून चकचकीत झाले असेल, तर बेअरिंग जाऊनही गाडी बराच काळ तशीच पळवली गेली आहे हे समजावे. पाच मिनिटांत होणारी ही तपासणी विकणारा सहसा नाकारत नाही. नाकारली, तर तेही उत्तरच आहे.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असणे फार महत्त्वाचे, कारण पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी तिथेच येते आणि तिथूनच वर ढकलले जाते. क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात आणि त्यांचे दोष वेगवेगळ्या भाषेत बोलतात. डायनॅमोच्या बाजूचा सील गेला की इंजिन तिथून कोरडी हवा ओढते. मिश्रण पातळ होते, थ्रॉटल सोडल्यावरही आवाज लगेच खाली उतरत नाही, इंजिन जास्त तापते आणि एखाद्या लांबच्या चढावर पिस्टन पकडतो. डावीकडे, क्लचच्या बाजूचा सील गेला तर इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल पिऊ लागते. अशा वेळी तापल्यानंतरही दाट, पांढरट धूर थांबत नाही आणि खाली एक थेंबही न गळता गिअर ऑइल कमी होत जाते. उलट कधी गिअर ऑइल काढून हुंगले तर त्याला पेट्रोलचा वास येतो, ते पातळ झालेले असते. तोही याच सीलचा दोष. सुरुवातीच्या धुराला मात्र घाबरू नये. या गाड्यांना ऑइल पंप नाही, टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. त्यामुळे थंडपणी थोडा धूर निघणे हे इंजिनाला वंगण मिळत असल्याचेच चिन्ह. धूर अजिबात नसेल तर टाकीत ऑइल किती घातले आहे ते आधी विचारावे.

दोन्ही सायलेन्सरमधून सारखा दाब येतो का, हे तळहात थोडा दूर धरून कळते. एकच सिलिंडर असूनही या गाडीला दोन एक्झॉस्ट पोर्ट आहेत. एका बाजूला कार्बन साचला की पिकअप पडतो आणि दोष कार्बोरेटरवर जातो. आवाज मोठा करण्यासाठी आतली नळी काढलेला सायलेन्सर तर इंजिनाची ताकदच कमी करतो, कारण टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे.

विजेच्या बाबतीत मूळपणाचा हट्ट थोडा सैल करायला हरकत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत सहा व्होल्टचा डायनॅमो असतो, आणि ठिणगी बॅटरीवर अवलंबून असते. बॅटरी मेली की किक मारून दमायला होते. इंजिनाचा वेग वाढल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझला पाहिजे. न विझल्यास ब्रश, आर्मेचर किंवा कट-आउट यांत दोष आहे. नीट बसवलेले बारा व्होल्टचे किट असेल तर रोजच्या वापरासाठी गाडी अधिक विश्वासाची होते, हे मान्य केले पाहिजे. मूळ डायनॅमो मात्र गाडीसोबत मागून घ्यावा. तो पुन्हा मिळत नाही.

क्लच आणि गिअरची परीक्षा रस्त्यावरच. चढावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. खूप दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट चिकटतात आणि क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते. हे दोन्ही स्वस्तात सुटते. दुसरा किंवा तिसरा गिअर भार पडताच आपोआप सुटत असेल, तर आतले दाते किंवा फोर्क झिजले आहेत. त्यासाठी इंजिन दुभंगावे लागते, आणि चांगल्या दर्जाचे गिअर शोधणे हे वेगळेच काम.

फेरी अर्ध्या तासापेक्षा कमी नसावी आणि तिच्यात एखादा घाटाचा चढ असावा. तापलेल्या स्थितीत गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा किक मारावी. थकलेला कंडेन्सर किंवा कॉइल नेमका तेव्हाच दगा देतो. थंडपणी पहिल्या किकला सुरू होणारी गाडी गरमपणी मिसिंग करू लागते. मग प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम, ओला काळा असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर इंजिन कुठून तरी हवा घेते आहे. इथे वीस टक्के इथेनॉल असलेल्या आजच्या पेट्रोलचाही विचार हवा. त्यामुळे मिश्रण थोडे पातळ होते, जुने रबर आणि कॉर्क खराब होतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरले जाते. टाकीत टॉर्च मारून तळाचा गंज पाहणे म्हणूनच सोडू नये.

फ्रेमसाठी गाडीमागे बसून दोन्ही चाके एका ओळीत आहेत का ते पाहावे. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवल्यावर मध्यभागी ते अडकल्यासारखे झाले तर बॉल रेस गेली. मागचे चाक आडवे हलवल्यास स्विंगआर्मच्या बुशचा प्ले कळतो. हे सगळे दुरुस्त होते. वाकलेली फ्रेम मात्र घेऊ नये.

कागदांत ढिलाई नको. इंजिन आणि चासीचे नंबर आरसी बुकाशी जुळवून पाहावेत. अंकांभोवतीचा धातू घासलेला असेल किंवा ठोकलेले अंक वेड्यावाकड्या ओळीत असतील तर तिथेच थांबावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते चुकले असेल तर पासिंग, दंड आणि पर्यावरण कर यांचा हिशेब किमतीत धरावा. कर्नाटकातून आलेल्या गाडीला तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, लागते. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30, तर मालक वारला असेल तर वारसांकडून फॉर्म 31. जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन सापडत नसेल, तर ती संगणकावर चढवून घेण्याची जबाबदारी व्यवहारापूर्वीच विकणाऱ्यावर टाकावी.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज किंवा दर रविवारी जावा चालवायची असेल तर नेहमीची नोंदणी जिवंत असलेलीच गाडी शोधावी.