एक पट्टी, पानं हजार!

ओळखा पाहू!
पट्टी आहे, पण मोजायची नाही.
पानापानावर दिसते, पण लिहिली एकदाच.
बोट लावा, दार उघडते!

बालमित्रांनो, सापडलं का उत्तर? नाही? मग मोबाइलवर किंवा शाळेच्या संगणकावर एखादं संकेतस्थळ उघडा. संगणकाच्या रुंद पडद्यावर वरच्या बाजूला शब्दांची एक आडवी रांग दिसेल. मुख्य पान, पर्यटन, सूचना, संपर्क... ज्या शब्दावर बोट लावाल, त्या विषयाचं पान उघडेल. हीच आपल्या कोड्यातली पट्टी. तिला म्हणतात मेनूपट्टी.

आता आपल्याच भागातली गंमत बघा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा तयार झाला. आज दोन्ही जिल्ह्यांची संकेतस्थळं वेगवेगळी आहेत. एकावर ताडोबाची माहिती, तर दुसऱ्यावर मार्कंड्याच्या देवळांची. पण वरची पट्टी पाहाल, तर सख्ख्या बहिणीच जणू! असं कसं?

याचं कारण असं, की दोन्ही संकेतस्थळं एकाच साच्यातून तयार झाली आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं हा साचा बनवला. त्याचं नाव 'एस-थ्री-वास'. यातल्या तीन 'एस'चा अर्थ सुरक्षित, हवं तेवढं वाढवता येणारं आणि सुगम. देशातल्या कितीतरी जिल्ह्यांची संकेतस्थळं याच साच्यातली आहेत.

कार्यालयातला तारखेचा शिक्का तुम्ही पाहिला असेल. त्याची चौकट तीच राहते, फक्त आतले आकडे फिरवायचे. रोज नवा शिक्का कोणी करत नाही. मेनूपट्टीचंही तसंच. पट्टीची उंची किती, रंग कोणता, बोट लावल्यावर काय व्हायचं, हे सगळं एकदाच लिहून ठेवतात. मग तिला फक्त एक यादी द्यायची: हा शब्द आणि हे त्याच्या पानाचा पत्ता. चंद्रपूरची यादी दिली की चंद्रपूरची पट्टी तयार, गडचिरोलीची दिली की गडचिरोलीची! पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अशा तुकड्याला संगणकवाले 'घटक' म्हणतात.

पण ही पट्टी शिक्क्याच्याही एक पाऊल पुढे आहे, बरं का! शिक्का बदलला, तरी जुन्या कागदावरचा ठसा बदलत नाही. पट्टीत मात्र एक शब्द दुरुस्त केला, की सगळ्या पानांवर तो दुरुस्त होतो. कारण पानात पट्टी लिहिलेली नसतेच. 'इथे ती पट्टी लाव' एवढीच सूचना असते.

आता जरा विचार करा. दुरुस्ती सगळीकडे जाते, तशी चूकही सगळीकडे जाणार ना? म्हणून पट्टी करणाऱ्यानं फार जपून काम करायला हवं.

समजा, सिरोंचा तालुक्यातल्या एका ताईला दाखल्यासाठी कोणते कागद लागतात, ते पाहायचंय. जिल्ह्याचं ठिकाण सुमारे २०० किलोमीटर दूर. माहिती मोबाइलवर मिळाली, तर एक खेप वाचेल, गाडीभाडं आणि दिवसाची मजुरीही वाचेल. पण पट्टीतला शब्दच कळला नाही तर? आपल्याकडे कोणाच्या घरात माडिया बोलतात, कोणाच्या गोंडी, तर सिरोंच्याकडे तेलुगू. त्यांच्यासाठी अवघड मराठी शब्द म्हणजे बंद दारच. शिवाय पट्टी प्रत्येक पानावर त्याच जागी हवी. आज फाट्यावर डावीकडे दिसलेली पाटी उद्या उजवीकडे गेली, तर वाटसरू चुकणारच!

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना संगणक पानावरचे शब्द वाचून दाखवतो. पट्टीत आठ शब्द असतील, तर नवं पान उघडलं की पुन्हा तेच आठ शब्द ऐकायचे. कंटाळा येईल की नाही? म्हणून चांगल्या संकेतस्थळावर पट्टी ओलांडून थेट मुख्य मजकुराकडे जायची सोय असते.

आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर आडवी पट्टी मावणार कशी? तिथे ती घडी घालून बसते! एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघा दिसतात ना, त्यांवर बोट लावा. पट्टी उलगडेल. ही खूण नॉर्म कॉक्स यांनी १९८१ साली 'झेरॉक्स स्टार' या संगणकासाठी काढली होती. म्हणजे ती आपल्या गडचिरोली जिल्ह्यापेक्षा एका वर्षानं मोठी!

करून पाहा

चार कोरे कागद घ्या. आपल्या शाळेची चार पानं करा: आमची शाळा, सुट्ट्या, खेळ, पोषण आहार. प्रत्येक पानावर वरती हीच चार नावं हातानं लिहा. आता 'खेळ'च्या जागी 'खेळ आणि सहल' करा. चार ठिकाणी खाडाखोड झाली ना? आता चारही पानांचा वरचा भाग कापून टाका. पुठ्ठ्याची एकच पट्टी करा आणि जे पान पाहायचं, ते तिच्याखाली सरकवा. नाव बदलायचं, तर एकदाच!

मग ही पट्टी आजीला किंवा शेजारच्या काकांना दाखवा आणि विचारा, "दिवाळीची सुट्टी कधी लागते, ते कुठे सापडेल?" पालकांनो, तुम्हीही गप्प बसून पाहा. उत्तर सुचवू नका. आजी अडली, तर चूक आजीची नाही, पट्टीची. शब्द बदला आणि पुन्हा विचारा. आजीला जमलं, की समजा तुमची पट्टी पास!