टॅबच्या खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी भर सभेत स्टायलसची टर उडवली होती. देवाने दहा बोटं दिलेली असताना ती काडी कोण सांभाळत बसणार, असा त्यांचा रोख होता. आठ वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच ॲपलने आयपॅड प्रोसोबत स्वतःचं पेन आणलं आणि त्याला ९९ डॉलर किंमत लावली. अनेकांनी तेव्हा कंपनीला चिमटे काढले. पण जॉब्स हसले होते ती काडी आणि हे पेन या मुळातच वेगळ्या वस्तू होत्या. आज टॅब घ्यायला निघालेल्या बहुतेकांची गफलत नेमकी याच फरकापाशी होते.

टच स्क्रीन आहे म्हणजे कुठलंही पेन चालणारच, हा समज सर्वांत पसरलेला आणि सर्वांत महागात पडणारा. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारं रबरी टोकाचं पेन म्हणजे पडद्याच्या लेखी निव्वळ एक बोट. ते किती जोरात टेकवलं हे त्याला सांगता येत नाही. लिहिताना तळहात काचेवर टेकला, तर खरं टोक कोणतं आणि हात कोणता हे पडद्याला खात्रीने कळत नाही. मग वहीभर नको त्या रेघा उमटतात. कामाच्या पेनांच्या मुख्यतः दोन जाती आहेत. एकीत पडद्याखालची तारांची जाळी चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि पेनातलं वेटोळं त्यातूनच ऊर्जा घेतं. हे जपानच्या वॅकॉम कंपनीचं तंत्र. २०११ च्या पहिल्या गॅलेक्सी नोटपासून सॅमसंगच्या एस पेनमध्ये ते आहे, म्हणून त्या पेनाने लिहायला चार्जिंग लागत नाही. काही एस पेन चार्ज करावे लागतात, पण ते ब्लूटूथच्या करामतींसाठी. दुसऱ्या जातीच्या पेनात स्वतःची बॅटरी असते. ॲपल पेन्सिल आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेसचं पेन ही त्यातली. एका जातीचं पेन दुसऱ्या जातीच्या पडद्यावर चालत नाही, आणि बॅटरीवाली पेनंही एकमेकांच्या पडद्यांवर चालतीलच असं नाही.

एकाच कंपनीच्या छत्राखालीही हा गोंधळ आहेच. ॲपल पेन्सिलचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येक आयपॅडला प्रत्येक पेन्सिल चालत नाही. २०२३ मध्ये आलेली यूएसबी-सीवाली पेन्सिल त्यातली स्वस्त. टिपणं काढायला ती छान आहे. पण तिला दाब कळत नाही. हात जड केला म्हणून रेघ जाड होत नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट पैसे भरल्यावर समजते, कारण दिसायला ती पेन्सिल बाकीच्यांसारखीच पांढरी आणि गुळगुळीत असते.

मग येतात दाबाच्या पातळ्या. ४०९६, ८१९२, आणि आता १६,३८४. आकडा दुप्पट तर पेन दुप्पट चांगलं, असा हिशोब जाहिरातीच करून देतात. गंमत म्हणजे ॲपलने आपल्या पेन्सिलच्या पातळ्यांचा आकडा कधी जाहीरच केलेला नाही आणि तरीही व्यावसायिक चित्रकार ती बिनतक्रार वापरतात. हाताला जाणवतात त्या गोष्टी वेगळ्या: अगदी हलका स्पर्श पेन टिपतं का, टोकामागे रेघ किती रेंगाळते, आणि काच व प्रत्यक्ष चित्र यांच्यात किती फट आहे. साध्या आयपॅडचा पडदा काचेला चिकटवलेला नसतो, आयपॅड एअरचा असतो. म्हणून साध्या आयपॅडवर टोक एकीकडे आणि रेघ किंचित पलीकडे असा भास होतो. रेघ सरळ उमटते का, याची परीक्षा दुकानात अर्ध्या मिनिटात होते. पट्टी घेऊन सावकाश एक तिरकी रेघ ओढायची. ती लाटेसारखी वळवळली तर खोक्यावर कितीही मोठा आकडा असो, उपयोग नाही.

उलट टोकाचा गैरसमजही आहे: महाग टॅब नसेल तर डिजिटल चित्रकला होणारच नाही. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २०११ च्या वसंतात यॉर्कशायरमधल्या वोल्डगेट रस्त्याची चित्रं आयपॅडवर काढली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत ती भल्यामोठ्या कागदांवर छापून लागली. त्या काळच्या आयपॅडला दाब ओळखणारा पडदा नव्हता. याच हॉकनींनी नंतर वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या रंगीत काचांच्या खिडकीचा आराखडा आयपॅडवरच केला. ती २०१८ मध्ये खुली झाली. अर्थात हॉकनी होणं टॅब घेण्याइतकं सोपं नाही, हेही खरं.

चित्रं काढणाऱ्यांनी आकड्यांमध्ये काही बघायचंच असेल तर रॅम बघावी, आणि तीही जरा हिशोब मांडून. ए-४ आकाराचा कागद छपाईच्या ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेलचा होतो. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर चित्राच्या एका थराला (लेयरला) साधारण ३५ एमबी लागतात. चाळीस थरांचं चित्र झालं की १४०० एमबी गेले. शिवाय मागे जाण्याची सोय, ॲप स्वतः आणि टॅबची मूळ प्रणाली यांचा वाटा वेगळा. म्हणूनच प्रोक्रिएटसारखं ॲप कागदाचा आकार आणि टॅबची रॅम बघून थरांची मर्यादा घालतं. बऱ्याच अँड्रॉइड टॅबच्या जाहिरातीत '८ जीबी + ८ जीबी' असं असतं. त्यातले दुसरे आठ म्हणजे साठवणीतून उसनी घेतलेली जागा. ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असते. दोन्ही मिळून सोळा होतात ते फक्त कागदावर.

प्रोक्रिएटचंच उदाहरण पुढे न्यायचं तर, ते अँड्रॉइडवर आणि विंडोजवर मिळतच नाही. एखाद्या क्लासमध्ये सगळं त्यावरच शिकवत असतील, तर कोणता टॅब घ्यावा हा प्रश्न आधीच निकाली निघालेला असतो. क्लिप स्टुडिओ पेंट मात्र आयपॅड, अँड्रॉइड आणि विंडोज अशा तिन्हीकडे चालतं.

कामासाठी टॅब घेणाऱ्यांचा लाडका युक्तिवाद वेगळा असतो. २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये ॲपलने मॅकबुकमधलीच एम-१ चिप घातली, आणि तेव्हापासून 'चिप तीच, मग हा लॅपटॉपच की' असं म्हटलं जाऊ लागलं. चिप तीच असली तरी मॅकचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. एक्सेल उघडतं, पण वर्षानुवर्षं जपलेले मॅक्रो ना आयपॅडवर चालतात ना अँड्रॉइडवर. टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर; टॅबच्या ब्राउझरमधून त्याचे अहवाल पाहता येतात, पण नेहमीसारखं टॅली आयपॅडवर किंवा अँड्रॉइड टॅबवर बसवून नोंदी करता येत नाहीत. मराठी छपाईच्या धंद्यात तर ही अडचण आणखी खोल आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तिचे जुने फॉन्ट, त्यात जुळवलेल्या पेजमेकरच्या फायली हे सगळं संगणकावरचं जग. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये न बदलता टॅबवर उघडला तर मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. ज्यांचं पोट अशा फायलींवर आहे, त्यांनी सरफेससारखा विंडोज टॅब बघावा, नाहीतर साधा लॅपटॉप. विंडोज टॅबमध्येही प्रोसेसर इंटेलचा आहे की स्नॅपड्रॅगनचा हे विचारावं. दुसऱ्यावर जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर अडू शकतात.

मोठा टॅब घेतला की ऑफिसचं काम फुकटात होईल, हेही खरं नाही. वर्ड आणि एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये विनामूल्य संपादनाची सवलत मायक्रोसॉफ्टने १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यांना दिली आहे. त्याहून मोठ्या पडद्यावर वर्गणी लागते.

अभ्यासासाठी 'कुठलाही छोटा टॅब पुरे' असं पालक म्हणतात तेव्हा मोजपट्टी काढायला हवी. ए-४ कागदाचा कर्ण १४.३ इंच आहे, ए-५ चा १०.१. म्हणजे अकरा इंची टॅबही जेमतेम छोट्या वहीएवढा. त्यावर ए-४ पानाची स्कॅन केलेली पीडीएफ मूळच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के आकारात दिसते. लांबट पडद्याच्या पावणेनऊ इंची टॅबवर तेच पान निम्म्याहून थोडंच मोठं राहतं आणि बारा पॉइंटचं अक्षर सातच्याही खाली जातं. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स रोज चार तास अशा वाचायच्या असतील तर वाचलेले पैसे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातील.

स्वस्ताई हाच निकष ठेवला की काय होतं हे देशाने एकदा पाहिलं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब आणला. २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दाबल्याशिवाय दाद न देणारा रेझिस्टिव्ह पडदा. तक्रारींचा पाऊस पडला. पुढे काम पवईच्या आयआयटीकडे आलं आणि नोव्हेंबर २०१२ च्या आकाश-२ मध्ये कपॅसिटिव्ह पडदा, दुप्पट रॅम आणि एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आला. पहिल्या खेपेतल्या उणिवा दुसऱ्या खेपेत दुरुस्त कराव्या लागल्या.

बॅटरीचं थोडक्यात. बॅटरीचा आकडा मोठा म्हणजे टॅब जास्त वेळ चालतो असं नाही. नवव्या पिढीच्या आयपॅडची बॅटरी ३२.४ वॉट-अवरची होती, दहाव्या पिढीची २८.६, दावा दोघांचाही दहा तासांचाच.

शेतात, साइटवर फिरून मोजमाप करणाऱ्यांनी एक तपशील आवर्जून बघावा. सिम न लागणाऱ्या, फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सिमवालं मॉडेल घेतलं की ते येतं, पण त्या सिमवरून साधा फोन मात्र करता येत नाही.

आणि ज्यांच्या घरी धड चालणारा संगणक आहे व चित्रं टेबलाशी बसूनच काढायची आहेत, त्यांना टॅब घेण्याची गरजच नाही. वॅकॉम, ह्युइऑन, एक्सपी-पेन यांच्या बिनपडद्याच्या पाट्या यूएसबीने संगणकाला जोडतात, काही हजार रुपयांत मिळतात आणि दाबही ओळखतात. संगणकावर क्रिटा हे विनामूल्य सॉफ्टवेअर टाकावं. पाटीवर हात आणि पडद्यावर नजर ही सवय लागायला काही आठवडे जातील, तेवढे द्यावेत.