पिता, आजा आणि पती : स्मरणाची मराठी रीत

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावात घरातील वडीलधारा पुरुष निवर्तला, की त्याचे स्मरण दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध आणि भाद्रपद वद्य पक्षातील ‘पित्रं’ अशा ठरलेल्या टप्प्यांनी होत जाते. गेलेला माणूस एकाच वेळी कोणाचा पिता, कोणाचा आजा आणि कोणाचा पती असतो. परंतु या तीन नात्यांना परंपरेने सारखी जागा दिलेली नाही.

सर्वांत भक्कम जागा आहे ती पुत्राची. धर्मशास्त्राप्रमाणे श्राद्धात वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तिघांनाच नाव-गोत्रासह पिंड, म्हणजे भाताचा गोळा, दिला जातो. या तिघांना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांची रूपे मानतात. पणजोबांच्या आधीचे तीन पूर्वज ‘लेपभाज’ ठरतात, म्हणजे पिंड वळताना हाताला चिकटलेले अन्न तेवढे त्यांच्या वाट्याला येते. हा हिशेब कठोर वाटला तरी मोठा व्यवहारी आहे, कारण ज्याला प्रत्यक्ष पाहिलेले कोणी ना कोणी घरात असू शकते, अशा पूर्वजापाशीच नावाचा मान थांबतो. जेथे पोथीतला विधी होत नाही, तेथेही कावळ्यासाठी घास ठेवणे आणि भावकीला जेवू घालणे चुकत नाही. खानदेशात आखाजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अक्षय तृतीयेला पितरांसाठी पाण्याने मातीचे भांडे भरतात, आणि त्या दिवशी पितरांना आमरस दाखवल्याखेरीज आंबा तोंडी न लावण्याचा नेम कित्येक घरांनी पाळलेला आहे.

नातवाचे नाते मात्र एका दिवशी अगदी हळुवारपणे जपलेले दिसते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, ‘आजेपाडवा’ येतो आणि मुलीचा मुलगा, स्वतःचे वडील हयात असतानाही, आईच्या दिवंगत वडिलांचे श्राद्ध करतो. लेक परघरी गेली म्हणून तिच्या बापाची आठवण तिच्या मुलांपर्यंत पोहोचू नये असे परंपरेने मानले नाही, ही या परंपरेतली विशेष सुंदर गोष्ट म्हटली पाहिजे.

पत्नीच्या बाबतीत तीच परंपरा कृपण होते. पतीच्या मृत्यूची खूण तिने स्वतःच्या अंगावर वागवावी, कुंकू पुसावे, बांगड्या फोडाव्यात, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवावीत, असा रिवाज होता आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. ज्याच्यासोबत आयुष्य काढले त्याची आठवण जणू काही काढून टाकण्यातूनच व्यक्त व्हावी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. विधीत न मिळालेली वाट बायकांनी शब्दांत काढली होती, मग ती जात्यावरची ओवी असो वा पुस्तक. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी रमाबाईंनी लिहिलेल्या सहजीवनाच्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या.

या संदर्भात सर्वांत लक्षणीय उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यामुळे त्यांच्या घरी पिंड, कावळा, पक्ष यांपैकी काही उरले नाही. १९१९ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेचा पहिला भाग १९३४ मध्ये आला, आणि त्यात त्यांनी या लहरी, उदार, संतापी, प्रेमळ माणसाला देव्हाऱ्यात न बसवता हसत-रागावत उभे केले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, तेव्हा अपुरी राहिलेली कथा मुलगा देवदत्त यांनी पूर्ण केली आणि पुढे नातू अशोक यांनी ग्रंथाची आवृत्ती संपादित केली.