मुळांनी घातलेली साद

पेरणीनंतर महिना-सव्वा महिना झाला की तुळजापूर तालुक्यातल्या एखाद्या सोयाबीनच्या रानात जा. झाड ओढून उपटू नका, कारण जे पाहायचं तेच मातीत तुटून राहतं. खुरप्यानं बुडाभोवतीची माती सैल करून ढेकूळ अलगद उचला आणि बादलीभर पाण्यात सोडा. माती विरली की मुळांवर मोहरीपासून मुगाएवढ्या गाठी दिसतील. त्यातली एक नखानं फोडा. आत लालसर गुलाबी रंग! तो लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा.

झाडाला हे प्रथिन कशाला लागतं? गाठीत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून त्याचा अमोनिया करतात. खतकारखान्यात याच कामासाठी ४०० अंशांच्या वरचं तापमान आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. जिवाणू ते काम साध्या रानात करतात. मात्र त्यांचं नायट्रोजिनेज नावाचं विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि श्वासासाठी तर त्यांना ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन हा पेच सोडवतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि श्वासापुरताच सोडतं.

त्याहून विलक्षण आहे ती यांची ओळख. आधी बोलतं ते मूळ. सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन आणि डेडझीन ही रसायनं मातीत सोडतं. ओळखीचा जिवाणू ती हेरतो आणि स्वतःचं रसायन पाठवून उत्तर देतो. ते पोचताच मूळरोम वाकतो, जिवाणूला कवेत घेतो, आणि त्याला आत नेणारी नळी झाड स्वतःच बांधतं. उत्तर जुळलं नाही तर हे काहीच घडत नाही. सोयाबीन मूळचं चीनकडचं. त्याचा जोडीदार ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम पूर्वी सोयाबीन न घेतलेल्या रानात सहसा नसतो, आणि तुरीचे किंवा मुगाचे जिवाणू त्याच्या जागी चालत नाहीत. म्हणून तर पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धन चोळून सावलीत वाळवायचं. पाकिटावर सोयाबीनचं नाव आहे ना, एवढं मात्र नीट पाहून घ्यावं.

आत घेतलं म्हणून झाड डोळे मिटत नाही. २००३ साली टोबी कीअर्स या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथे आर्गॉन भरला. जिवाणू तेच, फक्त त्यांना काम करता येईना. झाडानं त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला आणि तिथले जिवाणू फारसे वाढले नाहीत. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी कोणती गाठ पोसायची हे झाड ठरवतं! जमिनीत आयता नायट्रोजन भरपूर मिळाला, तर ते गाठीच कमी धरतं. युरियाचा हात सैल सोडण्याआधी शेतकऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

रब्बीत याच पट्ट्यात ज्वारी उभी राहते. तिचा सोबती वेगळा, मायकोरायझा नावाची बुरशी. मूळरोमांहूनही बारीक धाग्यांनी ती लांबचा स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात साखर घेते. स्फुरद कमी पडला की ज्वारीची मुळं स्ट्रिगोलॅक्टोन सोडून तिला साद घालतात. ही साद बुरशीसाठी आहे हे २००५ साली उलगडलं. पण ती चोरालाही ऐकू जाते. ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या टारफुल्याचं धुळीसारखं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून असतं आणि नेमक्या याच रसायनानं जागं होतं.

या कुळातलं पहिलं रसायन १९६६ साली सापडलं ते कापसाच्या मुळांतून, आणि कापसावर तर टारफुला जगूच शकत नाही. त्यामुळे टारफुल्याच्या रानात ज्वारीआधी कापूस घेतला, की बी फसून उगवतं आणि धरायला मूळ न मिळाल्यानं काही दिवसांतच मरतं.