वंश, आजार आणि मोजमाप: कृष्णवर्णीय अभ्यासकांची सव्वाशे वर्षे

विमा कंपनीचे आकडे

१८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या मूळच्या जर्मन माणसाने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. हॉफमन प्रुडेन्शियल या विमा कंपनीत सांख्यिकीतज्ज्ञ होता. क्षय, न्यूमोनिया, बालमृत्यू यांचे तक्तेच्या तक्ते मांडून त्याने निष्कर्ष काढला, की या समाजाचे शरीरच मुळात दुबळे आहे, गुलामगिरी संपल्यापासून तो ऱ्हासाला लागला आहे आणि परिस्थिती सुधारली तरी फारसा फरक पडणार नाही. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने ते छापल्यामुळे त्याला विद्वत्तेचा शिक्काही मिळाला. कृष्णवर्णीयांना विमा नाकारणाऱ्या कंपन्यांना हाताशी शास्त्राधार आला.

पुढच्याच वर्षी केली मिलर यांनी त्याला उत्तर दिले. मिलर हॉवर्ड विद्यापीठात गणित शिकवत. १८६३ साली साउथ कॅरोलायनात एका गुलाम स्त्रीच्या पोटी त्यांचा जन्म झाला होता. हॉफमनचे आकडे त्यांनी त्याच्याच हत्याराने तपासले आणि दाखवले, की ज्याला हा लेखक वंशाचा गुण म्हणतो, तो परिस्थितीचा परिणाम आहे. कृष्णवर्णीय विद्वानांनी नुकत्याच स्थापन केलेल्या अमेरिकन नीग्रो अकॅडमीचा हा पहिला निबंध.

सातवा वॉर्ड

हॉफमनचे पुस्तक निघाले त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस फिलाडेल्फियात आले. वय २८, गाठीला हार्वर्डची डॉक्टरेट. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना साहाय्यकाचे पद दिले, शिकवायला वर्ग मात्र दिले नाहीत. काम होते शहराच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास. नुकतेच लग्न झालेले डु बॉइस पत्नी नीनासह त्याच वस्तीत राहायला गेले आणि प्रश्नावली घेऊन स्वतः दारोदार फिरले. सुमारे अडीच हजार घरे, साडेनऊ हजारांहून अधिक माणसे.

१८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ या ग्रंथात आरोग्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मृत्युदर आहेतच, पण घरांची अवस्थाही आहे. २,४४१ कुटुंबांपैकी अवघ्या ३३४ कुटुंबांना न्हाणीघर आणि संडास यांची सोय होती. बाकीच्यांतले अनेक मागच्या कोंदट गल्ल्यांमध्ये, ओल धरलेल्या खोल्यांत राहत. भाडे भागवायला त्याच खोल्यांत पोटभाडेकरू ठेवत. मृत्युदर जास्त आहे हे डु बॉइस कुठेच नाकारत नाहीत. ते विचारतात, की अशा घरांत, असे खाऊन, अशा कामांवर राबून कोणत्या वंशाची माणसे धडधाकट राहिली असती? आणि इतकी माणसे मरत असताना बाकीच्या शहराला त्याचे काहीच कसे वाटत नाही?

हा ग्रंथ निर्दोष नाही. त्यात तरुण डु बॉइस गरिबांना स्वच्छतेचे आणि सद्वर्तनाचे धडे देतात. आज ती पाने वाचताना त्यांच्या उच्चशिक्षित वर्गाची छाया जाणवते. तरीही घर, पाणी, पगार आणि मृत्यू यांची एकत्र नोंद करणारी ही पद्धत त्यांनी इतक्या बारकाईने राबवली, की तिच्यापुढे हॉफमनचे तक्ते पोकळ वाटतात. हॉफमनने तक्त्यांवरूनच वंशाचा निकाल लावला होता.

अटलांटातील ठराव

१८९७ पासून डु बॉइस अटलांटा विद्यापीठात शिकवू लागले. १८९९ साली त्याच शहरात त्यांचा पहिला मुलगा, दोन वर्षांचाही नव्हता, घटसर्पाने गेला. बालमृत्यूच्या रकान्यात आकडे भरणाऱ्या या माणसाच्या घरातलाच एक आकडा त्या रकान्यात गेला होता, हे त्यांची पुढची पाने वाचताना विसरता येत नाही.

१९०६ साली अटलांटातल्या वार्षिक परिषदेचा विषय आरोग्य हाच होता. जनगणना, सैन्यभरती, विमा, रुग्णालये अशा अनेक ठिकाणची माहिती एकत्र करून तिचा अहवाल निघाला. क्षय आणि बालमृत्यू हे वंशाचे रोग नसून सामाजिक स्थितीचे निदर्शक आहेत, असे त्यात स्पष्ट मांडले होते. कृष्णवर्णीय शरीराने किंवा जीवनशक्तीने कमी प्रतीचे असतात याला शास्त्रीय पुरावा नाही, असेही परिषदेने ठरावात म्हटले. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस त्या मे महिन्यात अटलांटात बोलायला आले होते. सप्टेंबरमध्ये त्याच शहरात गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांची कत्तल केली.

मराठी वाचकाला या परंपरेशी जोडणारा धागा जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी थेट डु बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतले साम्य सांगून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. डु बॉइस यांनी जुलैअखेर आपुलकीने उत्तर दिले.

जॉन हेन्री

अमेरिकन लोकगीतांत जॉन हेन्री नावाचा कृष्णवर्णीय कामगार येतो. रेल्वेच्या बोगद्यासाठी खडक फोडताना त्याची वाफेच्या यंत्राशी शर्यत लागते. तो जिंकतो आणि हातातल्या हातोड्यासह कोसळून मरतो.

१९७८ च्या सुमारास शर्मन जेम्स हे कृष्णवर्णीय साथरोगतज्ज्ञ नॉर्थ कॅरोलायनात एका वृद्ध शेतकऱ्याला भेटले. त्याच्या नावातही योगायोगाने जॉन हेन्री होते. शाळा दुसरीत सुटलेली, लहानपण बटाईच्या शेतीत गेलेले. स्वतःच लिहायला-वाचायला शिकून, रात्रंदिवस राबून चाळिशीपर्यंत त्याने ७५ एकर जमीन केली. पण पन्नाशीच्या अखेरीस रक्तदाब, संधिवात आणि जठरव्रण यांनी त्याला गाठले. जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागला.

जेम्स यांनी यातून एक तपासता येईल असा तर्क मांडला. साधने तुटपुंजी असताना सततच्या अडथळ्यांशी जिवाच्या आकांताने झुंजत राहिले तर त्याची किंमत शरीर मोजते. मनाचा हा कल मोजण्यासाठी त्यांनी १२ विधानांची प्रश्नावली बनवली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी शिकलेल्या, पण अतिशय चिकाटीच्या कृष्णवर्णीय पुरुषांत खालचा रक्तदाब अधिक दिसला. पुढच्या अभ्यासांत हे चित्र सगळीकडे तितके ठळक राहिले नाही, आणि जेम्स यांनी ते लपवले नाही. मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. आळस आणि बेफिकिरी यांना आजाराचे मूळ ठरवणाऱ्या काळात त्यांनी कष्टाळू माणसांकडे बोट दाखवले.

रोजच्या अपमानाची मोजणी

शिक्षण आणि उत्पन्न सारखे असले तरी कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्या आरोग्यातली दरी पूर्ण बुजत नाही. मग उरलेले काय? समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स आणि मानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन यांनी सहकाऱ्यांसह १९९७ साली एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातले प्रश्न अगदी साधे आहेत: लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी सौजन्याने वागतात का? दुकानात, हॉटेलात सेवा निकृष्ट मिळते का? तुम्हाला अक्कल नाही असे धरून चालतात का? तुम्हाला घाबरल्यासारखे करतात का? आणि हे किती वेळा घडते? पुढे जगभरच्या संशोधकांनी ही प्रश्नावली वापरली. झोप, नैराश्य अशा अनेक गोष्टींशी या अनुभवांचा संबंध दिसून आला. त्याआधी ही माणसे उगाच मनाला लावून घेतात, असे म्हणून तक्रार झटकता येत होती.

डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञ कमारा जोन्स यांनी २००० साली वर्णद्वेषाचे तीन स्तर मांडले: संस्थांमध्ये मुरलेला, माणसामाणसांतला आणि सोसणाऱ्याने स्वतःबद्दल खरा मानलेला. यांतल्या पहिल्याला हात न घालता उरलेले दोन पुरते सुटत नाहीत, असे त्या सांगतात.

टस्कीगीनंतर

१९३२ ते १९७२ या काळात अलाबामातल्या टस्कीगी परिसरात अमेरिकी सरकारच्या आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून निव्वळ निरीक्षण केले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष डॉक्टर आणि इतिहासकार व्हेनेसा नॉर्थिंग्टन गॅम्बल होत्या. कृष्णवर्णीयांचा वैद्यकावरचा अविश्वास फक्त टस्कीगीतून आला असे मानू नका, तो गुलामगिरीच्या काळापासूनच्या अनुभवातून आला आहे, हा त्यांचा आग्रह आहे.

अशा लोकांकडे पुन्हा संशोधनासाठी रक्त मागायला जायचे तर कसे? मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात २००० साली सुरू झालेल्या हृदयविकाराच्या अभ्यासाने याचे एक उत्तर दिले. संस्थापक संचालक हर्मन टेलर हे कृष्णवर्णीय हृदयरोगतज्ज्ञ होते. तिथल्या विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राबरोबर जॅक्सन स्टेट आणि टूगलू या कृष्णवर्णीयांच्या जुन्या उच्च शिक्षणसंस्था बरोबरीने सामील झाल्या, स्थानिक विद्यार्थ्यांना संशोधनाचे शिक्षण मिळाले आणि ५,३०६ माणसे सहभागी झाली.

मूत्रपिंडाचा गुणक

हॉफमनची कल्पना प्रयोगशाळेच्या कागदावर अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होती. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या एका रूढ सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला सुमारे १.२१ ने गुणत. त्यांचे स्नायू जास्त असतात, हे त्याचे गृहीतक. म्हणजे ज्याचा आकडा १७ यायचा, त्याच्या कागदावर २० च्या वर काहीतरी छापून येई. प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ मोजायला सुरुवात होते ती २० किंवा त्याखाली आल्यावर. रुग्ण आजारी असे, पण यादीत त्याचा काळ सुरूच होत नसे.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या मूत्रपिंडतज्ज्ञ व्हेनेसा ग्रब्स यांच्यासारख्या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी हा गुणक काढून टाका म्हणून आवाज उठवला. अखेर मूत्रपिंडतज्ज्ञांच्या दोन राष्ट्रीय संस्थांनी संयुक्त कार्यगट नेमला. सिंथिया डेलगाडो यांच्यासह त्याचे सहअध्यक्ष होते कृष्णवर्णीय वैद्यकीय संशोधक नील पो. २०२१ साली त्यांनी वंशाचा रकाना नसलेले सूत्र सुचवले. २०२३ च्या जानेवारीपासून देशातल्या सर्व मूत्रपिंड प्रत्यारोपण केंद्रांना आपल्या यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने अहवाल काढून पुन्हा हिशेब करण्याचे आणि बुडालेला प्रतीक्षाकाळ त्यांच्या नावावर जमा करण्याचे बंधन आले.